सहाशे बारा ग्रॅम

तेजपाल शिरगुप्पे कॅनडाला गेला
आणि त्याचा बॉल पायथन, पेटीसकट, माझ्याकडं आला.
गुजरीतल्या काट्यावर ठेवला रात्री, शटर ओढून:
सहाशे बारा.
पुढच्या बुधवारी सहाशे नऊ.

तीन ग्रॅम म्हणजे काय
ते आम्हा चांदीवाल्यांना विचारा.

गोठवलेला उंदीर मी गरम पाण्यात सोडतो,
पुसतो, चिमट्यात धरून हलवतो.
तो मान फिरवतो.
बायको म्हणते, कोल्हापुरात पाहुणा उपाशी,
हे आपल्याच घरात पहिल्यांदा बघतेय.
शेजारच्या मुल्लाणी चाची अंडं देऊन गेल्या.
त्यानं नाही खाल्लं. आम्ही खाल्लं.

फोनवर तेजपाल: काका, सारखं काचेतून बघू नका.
हात लावू नका. ऊब सांभाळा, लपायला काहीतरी द्या.
किती दिवस?
ते तोच सांगेल.

हुपरीहून मला इथं आणून सोडलं तेव्हा मी अकराचा.
भिंतीकडं तोंड करून बसलो, तीन दिवस.
मग मालकीणबाईंनी ताट दाराशी ठेवलं
आणि दिवा घालवून निघून गेल्या.
भाकरी गार झालेली. आमटी कशाची होती
आठवत नाही.

आज काचेला पेपर लावला.
पैंजणांचं खोकं उपडं घातलं, एका अंगाला दार कापून.
बाहेर उंदीर. दिवा बंद.

सकाळी उंदीर तसाच.
पण चार बोटं सरकलेला.

आज बुधवार.
काटा बाहेर काढला नाही.