अडथळा

मी प्रतिवेदक. बोललेलं लिहिते.
दहा मिनिटं माझी, मग शेजारची सरकते पुढे,
पेन्सिल बदलते, वाक्य तुटत नाही.

लोकलेखा समिती नंदुरबारला आली
तेव्हा मिरच्या वाळत होत्या पथारींवर.
वारा फिरला की अध्यक्षांपासून शिपायापर्यंत
सगळे एकाच आवाजात शिंकायचे.
शिंकेला नोंद नसते.

विषय, क्रीडा संकुलाचं नूतनीकरण.
सतरा कोटी बेचाळीस लाख. परिच्छेद चार पूर्णांक दोन.
मोजमाप पुस्तिका कुठे आहे?
आहे, साहेब.
कुठे आहे?
कार्यालयात.
कुठल्या?
कार्यकारी अभियंत्यांनी ग्लास उचलला.
पाणी पिण्यालाही नोंद नसते,
आणि ते फार वेळ प्यायले.

एका सदस्यताईंनी विचारलं, सोफ्यांच्या गॅलरीत कोण बसतं?
निमंत्रित.
आणि ती गॅलरी मूळ नकाशात होती?
सुधारित नकाशात आहे.
सुधारित कधी झाला?
बांधून झाल्यावर.
कोणी हसलं. हशा लिहिता येतो, कंसात. मी लिहिला.

मग सगळे मैदानावर. ऊन असं की
लाल धावपट्टीला रबराचा वास सुटलेला.
उत्तरेच्या वळणाशी फक्कीचं पोतं घेऊन
झुलाल आप्पा उभा होता. रोजंदारीवर, एकवीस वर्षं.
साक्षीदारांच्या यादीत नव्हता.
कोणी विचारलं नाही, तरी बोलला:

"साहेब, पहिले फेरी पाचशे तेहतीस पावलं व्हती.
आते पाचशे सव्वीसमा सरस.
गॅलरी बाहेर उनी, वळण मजार गयं.
मोजी ल्या."

अध्यक्ष म्हणाले, हे काय म्हणतायत?
अभियंता म्हणाले, काही नाही, स्थानिक भाषा आहे.
मला कळलं होतं. मी दोंडाईच्याची.
माझी आई मला याच भाषेत रागवायची.
पण प्रतिवेदकाला तोंड नसतं, फक्त हात.
टेप होता, सचिवांच्या गाडीत. गाडी जेवणाकडे गेली होती,
शेवभाजी थंड होत होती.

यादीत नाव नसलेल्याचं बोलणं आलं
तर आमच्याकडे त्याला एकच शब्द आहे.
मी लिहिला: (अडथळा).
शाळेत याच शब्दावरून मी उड्या मारायचे, ऐंशी मीटर,
गुडघा फुटला तरी.

जेवताना क्रीडाशिक्षक गिरासे सर सहज सांगत होते
जमना वसावेची गोष्ट. धडगावकडची पोरगी,
पंधराशे मीटरला इथे जिल्ह्यात कोणाला ऐकली नाही.
पुण्यात मात्र चार सेकंदांनी मागे.
घाबरली हो, म्हणाले, मोठं मैदान बघून.
आपली पोरं घाबरतातच.
आता ती सुरतेला कापडाच्या दुकानात आहे.

मी भाकरी ठेवली. सात पावलं,
पावणेचार फेऱ्या. पावती पुस्तकाच्या पाठीवर
हिशेब केला. उत्तर आलं, जवळजवळ चार सेकंद.
घाबरली नव्हती ती.
तिथे फक्त चारशे मीटर खरे होते.

संध्याकाळी, सुरत पॅसेंजरला वेळ होता म्हणून,
चप्पल हातात घेऊन मी एक फेरी चालले.
सहाशे अकरा.
पण हा आकडा कशाशी ताडून पाहायचा?
जुनी फेरी माझ्या पायांना ठाऊकच नाही.
ती राहिलीय फक्त झुलाल आप्पाच्या टाचांत,
आणि टाच सादर करता येत नाही
पंधरा दिवसांच्या आत, तीन प्रतींत.

तो दुसऱ्या दिवशीच्या शाळांसाठी रेघा मारत होता.
गॅलरीखाली तांबडेपांढरे अडथळे
एकात एक घुसवून ठेवलेले, कोळ्यांच्या जाळ्यासकट.
मान वर न करता त्याने विचारलं,
"लिखं का, माय?"

मी म्हटलं,
"लिखं."