वाल कुणाचे

सकाळी सातला रेवदंड्याच्या नाक्यावर
दोघं उभे होते, हातात वहीचं फाडलेलं पान.
व्यंकटराव गुंजोटे, एसटीचे वाहतूक नियंत्रक, निवृत्त,
आणि सरूबाई,
कडेवर मूल घ्यावं तशी भाकऱ्यांची पिशवी धरून.

पानावर वेळा होत्या:
रेवदंडा सुटणे ७.१५, कोर्लई पोच ७.३५...
एका दिवसात सात ठिकाणं. मुक्काम नाही.
मी म्हटलं, काका, ही इको आहे, लालपरी नाही.
वाटेत बैल येतात, फोटो येतात, भूक येते.
ते म्हणाले,
त्यासाठी खाली जागा सोडलीय.

रेवदंड्यात आधी माड दिसतात, मग तट.
तटाच्या कडेला कुणी वाल वाळत घातलेले.
गुंजोटे झिजल्या दगडावर बोट फिरवत राहिले.
हे कुणाचं?
रोजचं उत्तर दिलं मी: पोर्तुगीजांचं.
सरूबाईंनी विचारलं, आणि वाल?
बारा वर्षं माणसं आणतोय इथं.
वालांचं कुणी विचारलं नव्हतं.

कोर्लईच्या गडावर त्या चपला हातात घेऊन चढल्या.
वर एका बाजूला खाडी, एका बाजूला दर्या.
बराच वेळ बघून म्हणाल्या,
ताक आणि ताकावरचं पाणी.

खाली आलो तर आईनं दारातून हाक मारली,
बस्त्याव, पेज पिऊन जातोस का,
एवढंच, पण आमच्या बोलीत.
ही कुठली भाषा?
घरातली, मी म्हटलं.
त्यांनी पानावर लिहिलं: घरातली, ९.४०.

काशीदला सुरूच्या सावलीत गाडी लावली.
ते घोट्यापर्यंत गेले आणि घड्याळ बघून परतले.
सरूबाईंनी बाटलीत समुद्र भरला,
झाकणाला चिकटपट्टी लावली. नातीला दाखवायला.

नांदगावच्या वळणावर स्वतःहून बोलले.
एकतीस वर्षं मी मुरूड मुरूड ओरडलो, बरं का.
बार्शी, मुरूड, लातूर, फलाट तीन.
ते मुरूड कोरडं. टँकरचं.
एकदा शहरातलं एक पोरगं आलं,
काका, मुरूडला उतरल्यावर समुद्र किती लांब?
अख्खा स्टँड हसला. मी पण हसलो.
घरी जाऊन नकाशा काढला.

राजपुरीच्या धक्क्यावर शिडं गुंडाळलेली.
मुनाफनं लांबूनच हात हलवला, आज नाय, वारा बघ.
समोर पाण्यात जंजिरा, हाकेच्या अंतरावर,
तिकिटाची खिडकी बंद,
आणि पुण्याची मंडळी खिडकीशी भांडत होती.

गुंजोटे पायरीवर चढले, तोंडाशी हाताचा द्रोण केला.
प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.
राजपुरीहून जंजिऱ्याकडे जाणारी
एक वाजून तीस मिनिटांची होडी
वाऱ्यामुळे रद्द करण्यात आली आहे.
भांडण थांबलं.
एकजण खांबावर भोंगा शोधू लागला.
प्रवाशांना झालेल्या गैर...
पुढचं काही ऐकू आलं नाही,
सरूबाई इतक्या हसत होत्या.

मग आम्ही तिथंच बसलो. भाकरी, शेंगाचटणी, वारा.
मासळी ते खात नाहीत, मुनाफनं शहाळी फोडली.
गुंजोट्यांनी त्याला विचारलं,
होडी वेळेवर सुटली नाही तर नोंद कोण ठेवतं?
मुनाफ म्हणाला, दर्या.
हे उत्तर त्यांना पटलं नाही.
चार वाजेपर्यंत त्यावर बोलणं चाललं.

तीन ठिकाणं राहिली.
रात्री त्यांना पनवेलच्या गाडीत बसवून परतलो,
तर पान माझ्या डॅशबोर्डवर.
ठिकाणांवर काट नव्हती, टीपही नव्हती.
खाली, सोडलेल्या जागेत, बारीक अक्षरात:
बैल २. भूक २.१०.
गड समोरून पाहिला.
वाल कुणाचे, चौकशी करणे.

दुसऱ्या दिवशी केली.
सुलभाताई वर्तकांचे.
औंदा कमी आलेत, म्हणाल्या,
आणि तू आजवर विचारलं नाहीस कधी.