दोन कागद

चांगदेवच्या खाली, तापीचं पात्र.
सकाळचे सहा. वाळू अजून पायाला गार,
नऊनंतर ती कुणालाच उभं राहू देणार नाही.

नबाब तडवी तिकडे, मी इकडे,
मध्ये सुपडू भोईची पालथी होडी :
त्यानं मान वळवली तर मला दिसू नये,
मी श्वास रोखला तर त्याला कळू नये.
पद्धतच तशी आहे. समोरचं बेट दोघांचं एकच,
वीस मिनिटं एकमेकांचं काही लागायचं नाही.

काळ्या पोटाचा सुरय.
बसला की पोट दिसत नाही, वाळूच होतो.
आधी डोळा चुकतो, मग डोळ्यावरचा भरवसा.
बसलेला सापडला की नकाशावर एक ठिपका.
उडता मोजायचा नाही,
तो कुठल्याही घरट्याचा असू शकतो.

माझे चार. नबाबचे तीन.
कागदावर कागद ठेवून उन्हासमोर धरले,
दोन ठिपके एकमेकांत बुडाले.
मग होडीच्या डांबरी बुडावर खडूनं :
चार त्रिक बारा, भागिले दोन.
सहा.
आम्ही दोघांनी मिळून पाहिलेले मात्र पाच.

"एक राह्यला," नबाब म्हणाला.
जो कुणालाच दिसला नव्हता
त्याला भागाकारानं आणून बसवलं होतं
कुठेतरी, अंड्यांवर छाती टेकून.

सुपडू खडूच्या आकड्यांकडे बघत राहिला.
तंबाखू मळलेली, तोंडात टाकायची विसरलेला.
"गनित बरं हाये तुमचं, ताई.
माह्या डांगरवाडीत हाये तो. बेटाच्या त्या टोकाले,
तिसऱ्या वाफ्यात, येलाखाले.
बायको आठ रोज झाले तिकडे पानी घालत नाही.
सांगतलं नाही. म्हनलं, साहेब लोक येतील,
पाखराच्या नावानं वाडीच उठवतील."

'प्रत्यक्ष पाहिले' या रकान्यात मी पाच लिहिले,
'अंदाजे'त सहा.
'नेमके ठिकाण' पाचांचंच.
वाडीकडे गेलो नाही.
दुर्बीणसुद्धा तिकडे वळवली नाही,
आकडा आधीच बरोबर होता.

निघताना सुपडूनं एक डांगर दिलं,
तिसऱ्या वाफ्यातलं, मुठीएवढं.
नबाबनं होडीच्या कडेवर फोडलं.
आत नुसतं पांढरं.
आम्ही ते बियांसकट खाल्लं.