तान्हा पोळा

मारुतीच्या पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण,
तोरणाखाली चाकांवरचे लाकडी बैल, चाळीस तरी असतील,
आणि प्रत्येक बैलामागं एक लेकरू,
तेल चोपडून भांग पाडलेलं.

मंजूषा उमाटेचा वेदू दोरी धरून उभा.
नुसता उभा.
मी मोजलं. वीस मिनिटं.

त्याच वीस मिनिटांत माझा हर्षू
दोनदा तोरणाला लोंबकळला,
सरपंचांच्या गळ्यातला दुपट्टा ओढून
बैलावर झूल म्हणून टाकून मोकळा झाला.
आणि तनू, जी मोठी, जिच्याकडून काही आशा होती,
ती झडती म्हणायला माइकपाशी गेली
आणि म्हणाली,
"आमचे बाबा रात्री लय घोरतेत."

हसलं सारं गाव. मी पण हसली.
हसताना ओठांच्या कडा किती ताणाव्या लागतात
हे तिथं फक्त मला ठाऊक होतं.

ही सवय मला कधी लागली?
अंगणवाडीतल्या वजनकाट्यापाशी लागली असेल.
ताई मोठ्यानं आकडे वाचायची
आणि मी बाकीच्यांचे पाठ करून घरी यायची,
रस्त्यात आपल्याच लेकराचा विसरून.
मग दिसायलाच लागलं.
मंजूषाची पोरं ताटातलं वांग्याचं भरीत बोटानं पुसून खातात.
ढोकेबाईंची नात चपला काढून उंबऱ्याशी लावते,
जोडीनं, नवरा-नवरीसारख्या.
बेबीताईच्या पोराचं तर, खरंच सांगते,
नाकसुद्धा वाहत नाही.

आणि माझ्याकडे
कोंबडीच्या कपाळाला कुंकू.

"काहून व माय, तुले दोन पोट्टे सांभाळनं होत नाही का?"
सासू असं म्हणत नाही.
कोणीच म्हणत नाही.
मीच म्हणते, तव्यावर भाकर टाकताना,
मंजूषाच्या आवाजात.

बोजारा मागून दोघं घरी आली तेव्हा
तनूच्या ओटीत बारा रुपये, अर्धी करंजी
आणि एक जिवंत बेडूक होता.
मी काही बोलली नाही.
मायला आर्णीला फोन लावला.

माय म्हणाली, "तुले त मी लुगड्यानं खाटेच्या खुराले बांधून
निंदाले जात होती.
वापस येओ, त तू खाटच दारापर्यंत ओढत आनलेली!"
आणि इतकी हसली की तिला ठसका लागला.
मी विचारलं, तुला लाज नाही वाटली?
"कोनाची व? साऱ्याइचे लेकरं बांधूनच रायत."
मग तिकडे कुकरची शिट्टी झाली
आणि बोलणं तिथंच राहिलं.

रात्री पाणी प्यायला उठली.
रांजणात गडवा बुडवला तर खट्ट लागलं.
बैल.
शिंगांचा सोनेरी रंग सुटून पाण्यावर तरंगत होता,
एक चाक तळाशी,
तोंड पाण्याखाली, अगदी पोटभर.

"त्याले तहान लागली," हर्षू दुपारी दोनदा बोलला होता.
दोनदा मी हो हो म्हटलं होतं,
वेदूकडे पाहत.
भादव्याच्या उन्हात चाळीस बैल तास-दीड तास उभे होते,
पाण्याचं कोणी विचारलं नव्हतं.

पण नळ आता परवा येणार.
अख्खा रांजण केळीच्या बुडाशी ओतावा लागला,
गुंड गुंड करून, अंधारात,
आणि ओतताना मी त्या झोपलेल्या पोट्ट्याला शिव्या दिल्या,
हळू, तनू जागी होऊ नये म्हणून.

बैल भिंतीला टेकवला.
त्याच्या पोटाखाली बराच वेळ ठिबकत राहिलं.
समोर उमाटेंच्या न्हाणीत दिवा लागला.
मंजूषा उठली होती.
कशासाठी उठली असेल,
ते ह्या वेळी
मी ठरवलं नाही.