दोन रकाने

ताडीवाला रस्त्याच्या दवाखान्यात, वरच्या मजल्यावर
आम्हा आशांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण.
पंखा एकच, तोही डॉक्टरबाईंच्या डोक्यावर.
खिडकीतून पुणे स्टेशनातल्या घोषणा अर्ध्यामुर्ध्या येतात.

बाईंनी फळ्यावर दोन रकाने पाडले.
पेशंट सांगतो ते लक्षण,
आपल्याला दिसतं ते चिन्ह.
मळमळ इकडे. पिवळे डोळे तिकडे.
मागून तबस्सुम म्हणाली, मॅडम,
आणि बाई जे सांगतच नाही, ते कुठल्या रकान्यात?
सगळ्या हसल्या.
बाईंचा खडू फळ्यापाशीच थांबला.

माझं तर शब्दाशब्दाला अडतं.
लागण म्हटलं की मला माळशिरसचा ऊस दिसतो,
सरीत दाबलेली कांडी,
आणि पुढे कितीतरी दिवस वर नुसती माती.
बाई म्हणाल्या, बरोबर, तोच अधिशयन काळ.
रोग आत कामाला लागलेला असतो
आणि माणूस उंबऱ्यात बसून मेथी निवडत असतो.

साथ म्हणजे एकाच वेळी पुष्कळांना.
हे वहीत लिहिलं,
पण साथ या शब्दाखाली रेघ मारवेना.
डेंगीच्या वर्षी उर्मिला खंडागळे माझ्याबरोबर
गल्ली गल्ली हिंडली,
लोकांच्या शिव्या खात त्यांचे कूलर ओतले,
टायर पालथे घातले.
नवे रुग्ण किती, एकूण किती,
बाई फरक समजावत होत्या. मला तो पाठ आहे.
उर्मिलाला मीच मोजलं होतं,
नव्यात एकदा, एकूणात एकदा,
आणि नवव्या दिवशी तिसऱ्याच रकान्यात.
तिच्या जागेवर आता तबस्सुम बसते.

तिसऱ्या दिवशी वीस गुणांचा पेपर.
प्रश्न चौथा: निदान म्हणजे काय? उदाहरण द्या.
मी लिहिलं, रोग ओळखणे.
उदाहरणापाशी पेन अडलं.
काखेत वाटाण्याएवढी गाठ आहे, संक्रांतीपासून.
कुणाला सांगितली नाही, म्हणजे लक्षण नव्हे.
ब्लाउजच्या आत आहे, म्हणजे चिन्हही नव्हे.
दुसऱ्यांच्या दारात जाऊन सांगते मी,
अंगावर काढू नका.
मग लिहून टाकलं:
उदा. निदान आज तरी दाखवून यावं.

पेपर परत मिळाले. वीसपैकी सतरा.
उदाहरण चूक, अर्धा गुण कापलेला,
आणि शेजारी लाल पेनाने बारीक अक्षरात:
साडेपाचला थांब.

थांबले.
जिन्यात तबस्सुमही थांबली होती,
माझा विसरलेला डबा हातात घेऊन.
तिने काही विचारलं नाही.