पंधरा मिनिटं

खांबावरून पडलो तेव्हा लाईन बंद होती.
विजेनं काही केलं नाही,
केलं ते जमिनीनं.

अंबाजोगाईच्या वॉर्डात
जो येई तो म्हणे, होईल सगळं नीट.
साळूमावशीनं अंगठा दाबून विचारलं, कळतंय का?
मी म्हणालो, हो, डावा.
ती उजवा धरून बसली होती.

मग एका मंगळवारी खाटेशेजारी चाकं वाजली.
याकूब पिंजारी, राहणार रेणापूर,
नऊ वर्षांमागं विहिरीच्या कामावर कोसळलेला.
ना रामराम, ना तब्येत.
पहिला प्रश्न: लघवीचं काय करता?
मी तोंड भिंतीकडं केलं.
वळवता येईल असं तेवढंच उरलं होतं.

तो गेला नाही.
खुर्चीच्या हातांवर तळवे रोवून
स्वतःला उचललं, अधांतरी राहिला, हळू टेकला.
"दर पंधरा मिनिटांनी बूड उचलायचं.
नाहीतर सडतंय, अन् आपल्याला पत्ता नसतो."

पुढं येत राहिला.
पाठीच्या जखमा बघायला बायकोचा गोल आरसा मागून घे, म्हणाला.
रात्री पाय आपोआप उडतील,
खूश होऊ नको,
त्यांच्यावर रागवू पण नको.

एकदा विचारलं, भाई, रडू कधी थांबलं?
चाकाच्या आऱ्यात अडकलेला दोरा
तो बराच वेळ सोडवत होता.
"थांबलं नाही. टाईम ठरला त्याचा.
दुपारी, घरात कुणी नसताना.
मग चहा."

काल मी औशाला गेलो.
सिद्राम, एकोणीस वर्षांचा, ट्रॉलीवरून पडलेला.
ॲपेत बसून रस्ताभर शब्द जुळवले,
दारात उंबरा आडवा आला,
दोघांनी खुर्ची उचलून आत घेतली
तोवर सगळे सांडले.

बंद टीव्ही. त्याच्या छातीवर रिमोट.
आईनं चहा ठेवला, सांगितलं,
बोलत नाही हो कुणाशी.
याकूबभाईचा तो प्रश्न
माझ्या तोंडून निघेना.

मी घड्याळ बघितलं. उचललं स्वतःला.
टेकलो.
बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.
पुन्हा पंधरा मिनिटं.
पुन्हा उचललं.

तिसऱ्यांदा,
भिंतीकडं तोंड असलेलाच तो बोलला,
"ते काय करायलाव मघापासून?"

चहावर साय धरली होती.
बोटानं बाजूला केली, एक घोट घेतला,
मग खुर्ची त्याच्या खाटेला
अगदी चिकटवून लावली.