शक्य असेल तिथे

इमिंगहॅमच्या चर्च हॉलमध्ये चहा फुकट होता,
म्हणून तरी अकरा माणसं आली.
लंडनहून आलेल्या पोराने मसुदा वाटला:
राष्ट्रीय सागरी वाहतूक, शाश्वत विकास,
एकशे बारा पानं, मुखपृष्ठावर निळंशार पाणी.
खिडकीबाहेर हंबर होती,
बिस्किट बुडून विरघळलेल्या चहासारखी.

पान एकेचाळीस.
धक्क्याला लागलेल्या जहाजांनी इंजिनं बंद करावीत,
वीज किनाऱ्यावरून घ्यावी,
शक्य असेल तिथे.

मी एकतीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली.
तिथे झडप उघडी असते नाहीतर बंद.
'शक्य असेल तिथे' नावाची झडप
मला कुठल्याच जहाजावर सापडली नाही.

शेजारची डॉट थर्ल्बी उठली.
पिशवीतून उशीचा अभ्रा काढला,
सोमवारी रात्री दोरीवर राहून गेलेला.
पांढऱ्यावर काळे ठिपके.
म्हणाली, हे धुऊन जात नाही, पसरतं.
पोराने मान तिरकी करून पाहिलं. धूळ असेल.

मी काही बोललो नाही.
ओळखीची होती ती काजळी,
तेलकट, चिमटीत धरली की बोटाची रेघ न् रेघ दाखवणारी.
रात्री दोनला बॉयलरच्या नळ्या फुंकायच्या,
वारा जमिनीकडे का असेना,
आणि लॉगबुकात लिहायचं: सर्व ठीक.
सांतोस, चितगाव, डर्बन, कांडला.
कुठकुठल्या दोऱ्यांवर काय काय वाळत होतं,
वर येऊन मी कधी पाहिलं नाही.

मागून कुणी म्हणालं, शिडांचा काळ बरा,
वाऱ्याला धूर नव्हता.
माझा आजा गलबतावर तांडेल होता.
जयगडच्या बाहेर नऊ दिवस वारा पडला,
तांदूळ संपले,
तेव्हा त्याने वाऱ्याला घातलेल्या शिव्या
आमच्या घरात अजून तोंडपाठ आहेत.
जुन्या काळाचं कौतुक मला सांगू नका.
मला केबल सांगा. जाडी किती, कुठल्या साली येणार,
बिल कुणाच्या नावावर.

पोरगा म्हणाला, सूचना लेखी द्याव्यात.
मी पेन्सिल काढली. तीन शब्द खोडले.
वाक्य एकदम आखूड झालं
आणि थोडं भीतीदायक.
खाली नाव. हुद्दा: निवृत्त चीफ इंजिनिअर.
'हितसंबंध' या रकान्यापाशी बराच वेळ थांबलो,
मग लिहिलं: नळ्या फुंकणारा.

डॉटने अभ्र्याची घडी घातली, पाकिटात कोंबली.
जोडपत्र, म्हणाली.
पोराने विचारलं, याला पान नंबर काय देऊ?
"एकेचाळीस अ,"
आणि उरलेली बिस्किटं तिने
रिकाम्या पिशवीत ओतली.